मामाघरी गेलेल्या लेकराचं वजन

ही २०२२ सालची गोष्ट. माझी सून रचना किरनापूरला एका संस्थेच्या बालवाडीत होती. तिच्याआधी तीच बालवाडी मी सव्वीस वर्षं चालवली. तेव्हा कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगून आम्ही लेकरं तोलायचो. लेकरू रडायचं, आई हसायची.

त्या वर्षी संस्थेच्या बालाघाटच्या ऑफिसातून रचनाला नोटीस आली. तिच्याकडची सोळा लेकरं अतिकुपोषित. आठवड्यात खुलासा द्या, नाहीतर कामावरून कमी करू.

यादी काढली होती त्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या विवेकने, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने. मी रजिस्टर घेऊन त्याच्या टेबलासमोर बसले.

"मावशी, घरी जाय. हे पायथन आहे, पापड नाही."

"पापड तरी लाटता येते काय तुले? दाखव."

त्याने रागाने स्क्रीन वळवली. रचनाने एकेका लेकराची मार्च ते जूनची वजनं एका ओळीत, स्वल्पविराम देऊन टाइप केली होती. कॉम्प्युटरला ती ओळ म्हणजे नुसती अक्षरं. त्यांची बेरीज होत नाही. विवेकचा पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्राम ती ओळ स्वल्पविरामावर तोडून आकड्यांची यादी करायचा. वर रचनाची ओळ होती: ८.१, ८.३, मामाघरी, ८.६. खाली त्याची यादी: ८.१, ८.३, ०, ८.६. त्या शून्याने सरासरी घसरून लेकरू अतिकुपोषितांत गेलं होतं.

"हा शून्य कुठून आणला?"

"आकडा नसला की शून्य धरतो. नाहीतर प्रोग्राम बंद पडते."

"म्हणजे पोरगं मे महिन्यात मेलं अन् जूनमध्ये उठून बसलं?"

शेजारच्या टेबलावरची श्रुतिका फसकन हसली. विवेकचे कान लाल झाले.

"तुह्या सुनेनं आकडाच लिहाचा होता. गावठी लोक!"

"न तोललेल्या लेकराचा आकडा लिहू नको, हे मीच शिकवलं तिले. तू काहून लिहिला?"

"साहेबाले सांगशील तर तुहं-माहं नातं संपलं."

"हौ, संपलं," म्हणत मी रजिस्टर उचललं आणि थेट त्याच्या वरच्या कटरे साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी विवेकला उभं करून शून्याच्या जागा रिकाम्या ठेवायला लावल्या. सोळाची दोन झाली. त्या दोघी मुली मात्र खरोखरच खंगलेल्या होत्या, आणि सोळांच्या गर्दीत त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

नोटीस मागे घेतली गेली. रचनाची माफी कोणी मागितली नाही. ती अजून तिथेच लेकरं तोलते. कटरे साहेब निवृत्त होऊन लामत्याला शेती बघतात. विवेकला संस्थेने पुढे ठेवलं नाही. तो नागपूरला आहे, पगार जास्त आहे म्हणतात. त्याच्या लग्नाचं बोलावणं बहिणीने मला धाडलं नाही, मीही गेले नाही. त्या दोघींपैकी एक आता शाळेत जाते. दुसरीचे आईबाप तिरोडीकडे खाणीच्या कामाला गेले. तिचं पुढे काय झालं, मला कळलं नाही.