पुसण्याआधी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. सेहेचाळिसाव्या वर्षी मी स्वतःचा कर्नल, म्हणजे संगणकाचा गाभाच, लिहायला बसले तेव्हा हे मला कुणीतरी सुनावायला हवं होतं. सुनावणारे एकटे बाबा, आणि घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेलेला. तेव्हापासून 'ठमे' अशी हाक मला कुणी मारत नाही. बाबा पाटीवर लिहितात, आपण वाचलं की अंगठ्याने पुसून टाकतात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते माझ्यासाठी अर्धा तास बोलले होते. ते रेकॉर्डिंग एका जुन्या डिस्कवर होतं, एकुलतं एक. मी ते कधी ऐकलं नव्हतं. धीरच होत नव्हता.

त्या दिवसांत मी फाइल सिस्टीम लिहायला शिकत होते. फाइल सिस्टीम म्हणजे एक कारकून. कुठल्या फाइलचा कितवा तुकडा डिस्कवर कुठे ठेवलाय, एवढंच तो टिपून ठेवतो. माझ्या कारकुनाकडे पहिली फाइल बाबांच्या आवाजाची जायला हवी, हा माझा हट्ट. म्हणून दोन्ही डिस्क जोडल्या, एक कोरी आणि एक त्यांची. माझा कर्नल शून्यापासून मोजतो, तसं मीच ठरवलं होतं. कोरी डिस्क शून्य, बाबांची एक. कारकून बसवण्याआधी कितवी डिस्क पुसू, असं प्रोग्रॅमने विचारलं आणि पहिली म्हणून मी एक दाबला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

बाबांच्या डिस्कचा दिवा लुकलुकायला लागला. मी वायर उपटली, तोवर सुरुवातीचा भाग कोरा झाला होता आणि जुन्या कारकुनाची सगळी टिपणंही गेली होती.

बाबा दारात उभे होते. त्यांनी पाटी पुढे केली. "पुसलं?"

"नाही हो बाबा, तुम्हाला न पुसताच केलं," मी म्हणाले, आणि मग त्यांना काय विचारायचं होतं ते कळून मला रडू कोसळलं.

सहा दिवस मी डिस्क इंच इंच उकरली. आवाजाचे चाळीस तुकडे सापडले, पण कशानंतर काय, ते सांगणारं कुणी नव्हतं. "जाऊ द्या बाबा, नाही जमत मला," मी म्हणाले. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. एकेक तुकडा मान खाली घालून ऐकायचे आणि पाटीवर आकडा लिहायचे. टाकी कधी धुवायची ते होतं. धाकट्याशी अबोला धरू नकोस, होतं. नुसता खोकलाही होता. हाक मात्र एकाही तुकड्यात नव्हती.

आकडे दोनपासून एकेचाळीसपर्यंत गेले. एक कुठेच नव्हता.

"सुरुवातीला काय म्हणाला होतात?"

त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी पाटी घेतली आणि सावकाश लिहिलं, "ठमे".

मी वाचलं. त्यांचा अंगठा पाटीकडे निघाला, तो मी धरून ठेवला.