चोवीसचं ॲव्हरेज

जो माणूस पेट्रोलचा एक थेंब वाचवतो, तो सीमेवर न जाताही देशाची सेवा करत असतो, असं कोंढ्याचे धान-तांदळाचे व्यापारी घनश्याम काटेखाये यांचं ठाम मत होतं. हे मत लोकांना ऐकवण्यासाठी ते आठवड्यातून दोनदा गाडी काढून पवनीला जात.

देशाचा विषय पाच मिनिटांत आटोपे. सहाव्या मिनिटाला घनश्यामभाऊ समोरच्याला विचारत, "तुमची गाडी किती देऊन राहिली?" समोरचा अठरा म्हणे, कोणी वीस म्हणे, कोणी उगाच छाती फुगवून बावीस म्हणे. घनश्यामभाऊ जरा थांबत. शोकसभेत थांबतात तितकंच. मग हळूच म्हणत, "माही चोवीस देते."

गाडीचं ॲव्हरेज माणूस पैशासाठी पाहतो, हा समज ज्यांच्याकडे गाडी नाही अशा लोकांनी पसरवलेला आहे. पैसेच वाचवायचे असते तर बस होतीच. खरी गोष्ट अशी की, पन्नाशीनंतर माणसाचा निकाल लागणं बंद होतं. दहावीचे टक्के सांगायची सोय उरत नाही, पोरांचे टक्के पोरांचे असतात, आणि रक्तातल्या साखरेचा आकडा चारचौघांत सांगण्यासारखा नसतो. उरतो तो गाडीच्या टाकीतून निघणारा एक आकडा. तो चांगला आला तर माणूस संयमी, हिशेबी, निर्व्यसनी आणि एकंदर भला ठरतो. घनश्यामभाऊंना हे चारही गुण आपल्यात आहेत याची खात्री होतीच. चोवीस हा फक्त दाखला होता.

हा दाखला काही जन्मजात नव्हता. आधी त्यांची गाडीही चारचौघांसारखी बावीस द्यायची. दोन वर्षांपूर्वी त्यांनी व्रत घेतलं. एसी बंद. साठच्या वर जायचं नाही. डिकी रिकामी, इतकी रिकामी, की स्टेपनीसुद्धा काढून घरामागच्या सांदवाडीत ठेवली. तिच्यात पुढे त्यांच्या बायकोच्या, शकुनबाईंच्या, कोंबडीने बस्तान मांडलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उजव्या पायातली चप्पल काढून गाडी चालवायची. "एक्सिलेटर तळव्याले समजला पायजे," असं ते सांगत. योगायोगाने त्याच आठवड्यात त्यांनी चारही टायर नवे टाकले होते, पण टायरांना त्यांनी कधी श्रेय दिलं नाही. टायर काय, सगळ्यांचेच गोल असतात.

कोंढ्यातल्या निम्म्या गाडीवाल्यांनी ही अनवाणी पद्धत उचलली. भंडाऱ्याच्या बाजारात एका पायात चप्पल घालून उतरलेला माणूस दिसला, की तो कोंढ्याचा आहे हे लोक ओळखू लागले.

घनश्यामभाऊंच्या चोवीसला विरोध फक्त एकाच बाजूने होता, तो म्हणजे रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांचा. दहा दगड गेले की त्यांच्या मीटरवर अकरा किलोमीटर होत. पण घनश्यामभाऊ डगमगले नाहीत. "ठेकेदारानं गोटे कमी लावले," ते म्हणत. "दहा गोट्याईत अकरा किलोमीटर भागवले. एक गोटा खाल्ला त्यानं."

"गोटा कोन खाते जी?" शकुनबाई विचारत. पण त्या मागच्या सीटवर बसत असल्यामुळे त्यांचं म्हणणं पुढपर्यंत पोचत नसे. त्यांचा राग वेगळाच होता. व्रत सुरू झाल्यापासून माहेरी जाताना त्यांना तांदळाचं एक चुंगडं नेता आलेलं नव्हतं. तांदळाच्या व्यापाऱ्याची बायको आंधळगावला माहेरी जाते आणि हात हलवत जाते, ही गोष्ट आंधळगावनेही नोंदवून ठेवली होती.

तर या आंधळगावात शकुनबाईंचे थोरले भाऊ टेकचंद बांते राहत. त्यांच्याकडे त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, त्याच पांढऱ्या रंगाची गाडी होती. ती बावीस देई. साळ्याची गाडी बावीस देते आणि आपली चोवीस, यात घनश्यामभाऊंच्या संसाराचं बरंचसं सुख सामावलेलं होतं.

यंदा उन्हाळ्यात टेकचंदभाऊंच्या पुतण्याचं, वीरेंद्रचं लग्न ठरलं. मुलगी गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या आणि वर आणून वसवलेल्या एका गावची. प्रश्न एकच उरला: नवरदेव कोणाच्या गाडीत बसणार? घरातला मोठा म्हणून टेकचंदभाऊंचा हक्क होता. घरचा जावई म्हणून घनश्यामभाऊंचा होता. वीरेंद्रच्या बापाकडे गाडी नव्हती, त्यामुळे त्यांचं मत कोणी विचारलं नाही.

"जवाईबापू," टेकचंदभाऊ बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा मान हाये, मी नाई म्हनत नाई. पन नवरदेव चांगल्या गाडीत बसला पायजे."

"म्हनूनच म्हनतो, चोवीसच्या गाडीत बसू द्या."

"चोवीस आमी आतापर्यंत फक्त आयकून राहिलो. पायलं कोनंच नाई."

"मंग पाहून घ्या."

ठरलं असं, की दोन्ही गाड्या कोंढ्याच्या पंपावर टाकी फुल्ल करतील. टेकचंदभाऊंच्या मीटरवर पन्नास किलोमीटर होईपर्यंत भंडाऱ्याच्या दिशेने जातील, तिथून त्याच रस्त्याने परत येतील आणि त्याच नळीने पुन्हा फुल्ल करतील. ज्याचं ॲव्हरेज जास्त, नवरदेव त्याचा. एका हरलेल्या आकड्यामुळे काय काय जाणार होतं, हे घनश्यामभाऊंना ठाऊक होतं: नवरदेव, पवनीतल्या बैठकी, आणि उजव्या पायाची प्रतिष्ठा. पण हरण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

रविवारी सकाळी टेकचंदभाऊ आले. पंच म्हणून त्यांच्या गाडीत घनश्यामभाऊंची मुलगी अपेक्षा बसणार होती. ती पवनीच्या कॉलेजात गणित शिकवते. घनश्यामभाऊंच्या गाडीत पंच म्हणून स्वतः नवरदेव. वजनं सारखी हवीत म्हणून सगळ्यांना धान मोजायच्या काट्यावर उभं केलं. टेकचंदभाऊंची बाजू अकरा किलोंनी हलकी भरली. न्याय म्हणून घनश्यामभाऊंनी स्वतःच्या हाताने अकरा किलो तांदूळ त्यांच्या डिकीत ठेवला. तो कधीच परत आला नाही. शकुनबाई दारातून पाहत होत्या. दोन वर्षांनी का होईना, माहेरी तांदूळ चालला होता.

प्रवासात काही घडलं नाही. दोन पांढऱ्या गाड्या साठच्या वेगाने एकामागे एक गेल्या आणि आल्या. मागच्या ट्रकवाल्यांना ती अंत्ययात्रा वाटली असावी. वीरेंद्र घामाने भिजला. "फुफाजी, काच थोडी खाली करू का?" त्याने एकदा विचारलं.

"हवा आत आली का गाडी अडते," घनश्यामभाऊ म्हणाले. "लगन लागल्यावर घे हवा."

पंपावर नळी दोनदा खट्‌कन बंद झाली. घनश्यामभाऊंच्या गाडीत चार लिटर पन्नास बसलं, टेकचंदभाऊंच्या गाडीत चार लिटर बावन्न. घनश्यामभाऊंच्या मीटरवर एकशे दहा किलोमीटर झाले होते, टेकचंदभाऊंच्या मीटरवर शंभर. घनश्यामभाऊंना कागद लागला नाही.

"चोवीस पॉइंट चार," ते म्हणाले. "तुमची बावीस पॉइंट एक. नवरदेवाले आमच्याकडे पाठवा."

टेकचंदभाऊ दोन्ही मीटर आळीपाळीने पाहत राहिले. "जवाईबापू, रस्ता एकच होता ना?"

"हाव."

"मंग तुमची गाडी दहा किलोमीटर जास्त कोठं फिरून आली?"

"फुफाजी तं तुमच्या मांगंच होते, मोठे बाबा," वीरेंद्र म्हणाला. "मी होतो ना आत. कोठीच नाई गेलो. हवा खायलेई नाई."

"तुमचा मीटर सुस्त हाये, टेकचंदभाऊ," घनश्यामभाऊ शांतपणे म्हणाले. "अन् गोट्याईचं मी दोन वर्सापासून सांगून राहिलो. तुमचा मीटर अन् ठेकेदार, दोघं एकाच मेळाचे."

अपेक्षा दोन्ही गाड्यांच्या मधे आली. "बाबा," ती म्हणाली, "रस्ता एकशे दहाचा असंन, तं मामाची गाडीई एकशे दहाच चालली. मंग त्याईचीही चोवीस."

घनश्यामभाऊंनी दोन वर्षं ठेकेदाराचा विचार केला होता, दगडांचा केला होता, सरकारचाही केला होता. हा विचार मात्र त्यांनी केला नव्हता. सरकार खोटं निघालं तरी त्यांची हरकत नव्हती. टेकचंदभाऊंची चोवीस ही कल्पना मात्र त्यांना सोसवेना.

"नाई तं मंग रस्ता शंभरचा," अपेक्षा पुढे म्हणाली, "अन् तुमचीही बावीस."

"हे कॉलेजात शिकवतेत का?"

"नाई, पाचवीत."

सगळे घरी आले. चहा होईपर्यंत अपेक्षा सांदवाडीत गेली. तिने आईला हाक मारली. शकुनबाईंनी कोंबडी उचलली, अपेक्षाने स्टेपनी ढकलत अंगणात आणली आणि गाडीच्या चाकाशेजारी उभी केली. स्टेपनी चाकापेक्षा चांगली चार बोटं उंच होती. स्टेपनी डिकीत असती तर हे दोन वर्षांत कधीतरी दिसलं असतं, पण ती वजन वाचवण्यासाठी बाहेर काढली होती.

टायरवाल्या आसारामला बोलावणं गेलं. तो आला, त्याने चाकाकडे पाहिलं, स्टेपनीकडे पाहिलं, आणि घरात इतकी माणसं कायले जमली हे त्याला कळेना.

"आसाराम, हे टायर लहान हायेत का बे?"

"हाव जी. तुमच्या टायराचा नंबर नोयता तवा दुकानात. लहान होते, थे बसवले. बसले ना?"

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं ना. तुमी म्हनलं, टायर काय, सगळ्याईचे गोलच असते."

"अन् लहान टायरानं मीटर जास्त पळते, हे?"

"थे तुमी पुसलं नाई," आसाराम म्हणाला. "मले वाटलं, तुमाले म्हनूनच पायजे होते. आमच्याकडं येतेत ना लोकं चोवीस कराले."

चहा आला. टेकचंदभाऊंनी बशीत ओतून एक लांब घोट घेतला. त्या घोटात दोन वर्षांची तहान होती. "म्हंजे जवाईबापू, पाय उघडा असो का झाकला, बावीस ते बावीसच."

कोणी दुसरा असता तर तिथे खचला असता. घनश्यामभाऊंनी अर्धा कप चहा संपेपर्यंत वेळ घेतला.

"टेकचंदभाऊ, माह्या गाडीत किती बसलं?"

"साडेचार."

"अन् तुमच्या?"

टेकचंदभाऊंनी उरलेला चहा बशीत ओतला.

"चार बावन्न," अपेक्षाने सांगितलं, कारण ती पंच होती.

"रस्ता तोच, गाडी तीच, वजन काट्यावर मोजलेलं," घनश्यामभाऊ म्हणाले. "टायराचं जाऊ द्या, मीटराचं जाऊ द्या, आता तं गोटेही तुमचेच खरे. तरी वीस मिलिलिटर मी कमी जाळलं. ते कोनं वाचवलं?" आणि त्यांनी उजवा पाय थोडा पुढे केला.

"वीस मिलिलिटर तं पोरायच्या खोकल्याच्या औषधाचे चार चमचे झाले, जवाईबापू."

"मी चमच्यानं जिंकलो, तुमी चमच्यानं हरले. पन बोलनं काय झालं होतं?"

बोलणं झालं होतं. टेकचंदभाऊ शब्दाचे पक्के. नवरदेव घनश्यामभाऊंच्या गाडीला मिळाला. टायर बदलायचं कोणीतरी सुचवलं, पण त्यांच्यात अजून वर्षभराचा जीव होता, आणि चालतं टायर फेकणं घनश्यामभाऊंच्या तत्त्वात बसत नव्हतं. पवनीच्या बैठकीत ते पुढच्याच मंगळवारी गेले. चोवीसचा विषय त्यांनी काढला नाही. "मानसामानसात फरक वीस मिलिलिटरचाच असते," एवढंच म्हणाले, आणि दोघांनी तिथल्या तिथे चप्पल काढली.

मे महिन्यात लग्न झालं. गाडीला झेंडूच्या माळा लागल्या. शकुनबाईंनी अक्षतांचे म्हणून दोन चुंगडी तांदूळ डिकीत ठेवले. लग्नघरी वजनावर बोलता येत नाही. वाटेत पवनीला घनश्यामभाऊंनी सवयीने टाकी फुल्ल केली आणि मीटर शून्यावर आणला. त्यांचा उजवा पाय अनवाणी होता.

धरणामुळे उठवलेली जुनी गावं अरुंद असत. वरात अर्ध्या तासात मांडवाला लागे. वर वसवलेल्या गावाचे रस्ते मात्र नकाशावर आखून केलेले, सरळ आणि रुंद. नाचायला जागा कमी पडली म्हणून वरात लवकर आटोपली, असं तिथे होत नाही. मारुतीच्या देवळापासून मांडव एक किलोमीटरही नव्हता. पुढे बँड, त्याच्या पुढे वीरेंद्रचे मित्र, आणि त्यांच्या मागे चालत्या माणसापेक्षाही हळू नवरदेवाची गाडी. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत वीरेंद्र शेरवानीत.

"फुफाजी, एसी."

घनश्यामभाऊंनी आरशात पाहिलं. नवरदेवाला त्या दिवशी नाही म्हणता येत नाही. दोन वर्षांनी त्यांनी ते बटण दाबलं. इंजिन चालू, एसी चालू, पहिला गिअर, आणि अनवाणी पाय सगळा वेळ ब्रेकवर. खिडकीजवळून टेकचंदभाऊ पायी चालले होते. त्यांची गाडी पाहुण्यांना सोडून सावलीत उभी होती, बंद.

"जवाईबापू," काचेवर बोट वाजवत ते म्हणाले, "मान तुमचाच."

मांडवात पोचायला पावणेतीन तास लागले. लग्न लागलं, जेवणं झाली, नवरी खुशबू आणि वीरेंद्र मागच्या सीटवर बसले आणि गाडी परत निघाली. पवनीला त्याच पंपावर, त्याच नळीने घनश्यामभाऊंनी टाकी पुन्हा फुल्ल केली. मीटरवर चोवीस किलोमीटर झाले होते. पेट्रोल बसलं चार लिटर दहा. ॲव्हरेज आलं पाच पॉइंट आठ, तेही लहान टायरांवर.