ठिणगीच्या रक्तात मी उरलो

मी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आधीच सांगतो, मी एक प्रतिपिंड आहे. रक्तात फिरायचं आणि ओळखीचा विषाणू दिसला की त्याला घट्ट धरायचं, एवढंच माझं काम.

माझं मूळ ठिणगीच्या आईच्या अंगात. ती शाळेत असताना तिला सायटोमेगॅलो नावाचा विषाणू लागला होता. बारीक ताप आला आणि गेला, घरात कुणी लक्षही दिलं नाही. तेव्हापासून तिच्या रक्तात आमची भरती चालूच राहिली. पुढे ती गरोदर राहिली, तेव्हा शेवटच्या महिन्यांत आमच्यातल्या कितीतरी जणांना तिने नाळेतून बाळाकडे धाडलं.

बाळ झालं. आई मात्र बाळंतपणातच गेली.

ठिणगी आजीजवळ वाढू लागली. बाप ट्रकवर, सुट्टी मिळेल तेव्हा येई. घर मामाच्या गॅरेजमागे, मधे फक्त पत्र्याची भिंत. वेल्डिंग करता करता मामानेच तिचं नाव ठिणगी पाडलं. त्याच्यासमोर ताईचा विषय निघाला की तो उठून जाई आणि चांगल्या नटावर हातोडा घाली.

एकदा दुपारी त्याच्या हातून जॅक पडला. ठण्णकन आवाज झाला, पण पाळण्यातली ठिणगी हलली नाही. त्याने पत्रा बडवला. तिच्या कानाशी पान्हे वाजवले. पोर आपली गाढ झोपेत.

"आई, हिला ऐकू येत नाही!" मामा आजीकडे बघून ओरडला.

"ओरडू नकोस, उठेल ना ती!"

"तेच तर सांगतोय, उठत नाहीये!"

डॉक्टरबाईंनी कान तपासायला सांगितले आणि रक्तही घेतलं. जन्माआधी हा सायटोमेगॅलो लागला तर बाळाचे कान जाऊ शकतात, म्हणून त्याचीच तपासणी. मामाने रिपोर्ट लॅबच्या दारातच उघडला. 'पॉझिटिव्ह' एवढाच शब्द त्याला कळला आणि तो तडक डॉक्टरबाईंकडे गेला. यंत्राला सापडलो होतो तो मीच. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे?

"आधी ताई गेली, आता हिचे कान?" तो डॉक्टरबाईंवरच उखडला.

"बस जरा. हे प्रतिपिंड सापडलंय, ते हिच्या आईचंही असू शकतं."

"ताईचं? हिच्या रक्तात?"

"हो. आईकडून आलेलं असेल तर हळूहळू संपेल. हिचं स्वतःचं असेल तर राहील. जन्मल्याबरोबर लाळ तपासली असती तर लगेच कळलं असतं. आता थांबावं लागेल."

कान मात्र ठणठणीत निघाले. बाईंनी विचारलं, "पाळणा कुठे असतो हिचा?"

"गॅरेजच्या भिंतीला लागून," आजी म्हणाली. "हिची आईसुद्धा पोटुशी असताना दिवसभर गॅरेजमध्येच बसायची. आणि खरंच हो, ही जागी होते ती गॅरेज बंद झाल्यावर!"

"मग तुझ्या पान्ह्यांना ती काय दाद देणार?" बाई हसल्या. "तरी या विषाणूने कान पुढेही जाऊ शकतात. वर्षाची झाली की पुन्हा रक्त बघू."

मग मामा वाट बघत राहिला आणि मी झिजत राहिलो. माझे सोबती एकेक करून संपत होते. आपण लवकर संपावं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

ठिणगी वर्षाची झाली. नवा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. जन्माआधी तिला काहीच लागलं नव्हतं.

"सुटलो रे बाबा!" आजीने मोकळा श्वास घेतला. मामा हसला, त्याने ठिणगीला उंच उचललं आणि तसाच उभा राहिला.

"म्हणजे ते ताईचंच होतं," तो म्हणाला. "आता तेही संपलं."

"अरे, काम झालं म्हणून संपलं. पोर बघ की, तू बोललास की कशी वळून बघते!"

मामा, यंत्राला दिसणार नाही इतका थोडासा मी अजून आहे. जाताजाता एवढंच मागतो, ताईचा विषय निघाला तर उठून जाऊ नकोस. या पोरीला तिची आई तुझ्याच तोंडून कळणार आहे. आणि त्या चांगल्या नटांनी तुझं काय वाकडं केलंय?

तुझ्या ताईने मला ज्याच्याशी लढायला पाठवलं होतं, तो इथे आलाच नाही. मी रिकाम्या हातांनी चाललोय, अगदी मजेत.