आधी पाय, मग प्रयोग

चांद्याचं अजून चंद्रपूर व्हायचं होतं, त्या काळी खुशाल मास्तरच्या शाळेत एक लोखंडी पेटी आली. भिंतीतली उलटसुलट धावणारी वीज ती बॅटरीसारखी एकमार्गी करून द्यायची. पेटी गुणी होती. फक्त हात लावणाऱ्याला झिणझिण्या द्यायची. कारकून पत्रूला त्या मिळाल्या, तेव्हापासून दोन दिवस तो कुणाशी खोटं बोलला नाही.

तरीही संस्थेचे अध्यक्ष रामाजी म्हणाले, "सोमवारी मी सोता हात लावतो. झटका बसला तं पेटी परत नागपूरले."

पेटी गेली की प्रयोगशाळेत उरणार होतं एक फुटकं भिंग आणि बाटलीतला विंचू.

खुशालने पेटीच्या अंगाला तांब्याची तार बांधली आणि अंगणात पुरलेल्या पाइपाला नेऊन जोडली. भोवती कोळसा, मीठ. भटकी वीज माणसातून न जाता मातीत जावी, एवढंच अर्थिंगचं काम. पण वैशाखातली चांद्याची माती म्हणजे वीट. भिंतीतला प्लग आणि ती तार यांच्यात दिवा जोडून तो मातीची परीक्षा घ्यायचा. ओली असली की दिवा लख्ख, कोरडी असली की काजवा. रोज काजवाच.

"बाई, इथी रोज दोन घागरी ओता," तो पाणी भरणाऱ्या रुखमाबाईला म्हणाला.

"विहिरीचा तळ दिसून राह्यला, अन् पाइपाले पाणी पाजू? काऊन, उचकी लागली का त्याले?"

मग खुशालने पाहुण्यांचा पाय धुवायचा दगडच उचलून पाइपाशी ठेवला. पाइपाला नाही म्हणणारी बाई पाहुण्याला कशी म्हणेल? पोस्टमन आला, पाय धुतले. हरवलेली बकरी शोधणारा चारदा आला, चारदा धुतले. दिवा लख्ख!

पण रविवारी शाळा बंद. पाहुणे नाहीत. सोमवारी सकाळी दिवा पुन्हा काजवा, आणि दारात रामाजींची जीप. रामाजी बुटांसकट थेट प्रयोगशाळेकडे निघाले. खुशालच्या तोंडचं पाणी पळालं. तेही पाइपाच्या कामी आलं नाही.

रुखमाबाई घागर घेऊन आडवी. "बाहेरून आले, अन् पाय न धुता?"

"बूट आहेत, बाई."

"बूट दुकानाचे. पाय कोनाचे?"

रामाजींनी पाय धुतले. अध्यक्षच वाकले म्हटल्यावर मागच्या सगळ्या मंडळींनीही धुतले. दिवा असा पेटला की पत्रू हात जोडून उभा राहिला.

खुशालने तार पुन्हा आवळली, बटण शून्यावर ठेवलं, लाल-काळ्या वायरी जोडल्या आणि मगच खटका दाबला. आधी स्वतःच्याच हाताची पाठ पेटीला लावून पाहिली. मग रामाजींनी अख्खा पंजा ठेवला. वाट पाहिली.

"काईच झालं नाई!"

"तेच तर झालं, भाऊ!"

रामाजी जरा हिरमुसले. पत्रूला मिळालं ते आपल्याला नाही. पण पेटी राहिली.

पुढे खुशाल नागपूरच्या मोठ्या कॉलेजात गेला. तिथे अर्थिंगच्या खड्ड्यावर सिमेंटचं झाकण होतं. वैशाख लागला की तो झाकण काढायचा, तांब्या भरायचा आणि पाहुण्याची वाट बघायचा. कोणीच आलं नाही, तर फाटकाबाहेर जाऊन स्वतःच परत आत यायचा.