उतरतं वारं

"चाक बंद कर, आप्पासो. आज ते थांबल्याबिगार आमी हितनं हलत न्हाई," जोतीराम म्हणाला आणि पवनचक्कीच्या बुंध्याला पाठ लावून खाली बसला.

जोतीराम म्हणजे गावचा सरपंच. त्याच्या मागं पंधरा-वीस माणसं पठार चढून आली होती. श्रावण निम्मा सरला होता आणि आटपाडीकडच्या त्या माळावर वीतभर उगवलेली बाजरी जागेवरच करपत होती. डोक्यावरून ढग मात्र रोज पूर्वेकडं जात. दिसायला काळे, भरलेले, आणि थेंब सांडायचं नाव नाही.

आप्पासो तिथला राखणदार. एकवीस वर्षं तो कंपनीच्या त्या चक्क्यांखाली बसत आला होता. चाक चालू-बंद करायचं बटन खाली हाफिसात होतं, आप्पासोला तिथं आत पाऊलही टाकता येत नसे. हे आलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण हाफिसातला साहेब शिव्या ऐकून घेत नाही, आणि आप्पासो गावचाच, भावकीतला. मग काय विचारता.

"चाकाचा काय संबंध हाय रं पावसाशी?" आप्पासो म्हणाला.

"पाती ढग कापत्यात. आमी न्हाई म्हणत, नाथातात्याच्या तोंडनं देव बोललाय."

नाथाजी हा आप्पासोचा सख्खा चुलता आणि बिरोबाचा भगत. दरवर्षी दसऱ्याच्या जत्रेत त्याच्या अंगात येई आणि तो भाकणूक सांगे, म्हणजे पुढच्या सालचं पाऊसपाणी देवाच्या शब्दांत गावाला ऐकवी. गेल्या दसऱ्याला म्हातारा घुमता घुमता बोलला, "डोंगरावरची चाकं मेघ खातील." झालं. इतकी वर्षं दुष्काळाला धनी नव्हता, तो त्या दिवशी मिळाला.

आप्पासोनं घोंगडं खांद्यावरून काढलं. "बसा, सांगतो. ऐन आषाढात मी एकदा मेंढरांच्या टेंपोबरोबर महाबळेसरला गेलो हुतो. पाऊस असला, की फुडचा माणूस दिसंना. हे घोंगडं असं भिजलं की उचलंना. दुपारी परत निघालो. सातारा मागं पडला तसा पाऊस बारीक झाला, आन दहिवडी यायच्या आत घोंगडं अंगावरच वाळलं. ढग त्योच, वारं त्येच. मग पाणी गेलं कुठं? माझ्या पल्लवीनं मला त्येचं कारण सांगितलं."

पल्लवी त्याची एकुलती एक लेक. सांगलीत विश्रामबागला राहून भूगोल शिकत होती.

"वारं समुद्रावरनं वलं हुऊन येतंय. घाट चढाय लागलं की वर वर गार पडतंय, आन गार पडलं की पाणी धरून ठेवाय येत न्हाई, तितंच वततंय. हिकडं येतंय ते डोंगर उतरून. उतरताना तापतंय, कोरडं हुतंय. आपल्या वाट्याला पिळलेलं घोंगडं येतंय, गड्यांनो. त्यात चाक काय करणार?"

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. आप्पासोला वाटलं, पटलं.

"आमच्या आज्ज्याच्या टायमाला बरा पडत हुता की मग," मागून कुणीतरी म्हणालं.

"तवा बरा पडत हुता तर आपली म्हातारी माणसं मेंढरं घिऊन चाऱ्यापायी कोकणात कशाला जात हुती?"

वादात हरलं की माणूस कसा वागतो ते आपण सगळे जाणतोच. जोतीराम उठला, धोतराची माती झटकली. "कंपनीचं मीठ बोलतंय हे," तो म्हणाला, आणि सगळे उतरून गेले.

चार दिवसांनी देवळात बैठक बसली आणि ठरलं, यंदा दसऱ्याला बिरोबापुढं ढोलावर पहिली काठी आप्पासो मारणार नाही.

पाच पिढ्यांचा मान तो. जत्रेत शंभर ढोल असोत, आप्पासोच्या घरची काठी पडल्याशिवाय एकही वाजत नसे. मेंढरं विकली, शेत पडीक गेलं, कंपनीचा खाकी सदरा अंगावर आला, पण वर्षातला तो एक क्षण अख्खं गाव श्वास धरून त्याच्या हाताकडं बघे. दुसरं होतं काय त्या माणसाकडं? ही बातमी ऐकून तो दोन दिवस जेवला नाही. फोनवर मात्र पल्लवीला म्हणाला, "जाऊंदे. खरं ते मी बोललोय."

"आबा, तुमचा त्यो टेंपोचा प्रवास मी माझ्या प्रकल्पात लिवलाय," ती म्हणाली. "सरांनी सगळ्या वर्गात वाचून दाखवला. म्हणाले, पुस्तकात न वाचता हे बघणारा माणूस लय हुशार."

तो त्या दिवशी भाकरी जेवला.

आणि मग भाद्रपदात कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली. पठारावरची सगळी चाकं एका दमात थांबली. तिसऱ्या दिवशी दुपारी उकडून उकडून जीव नकोसा झाला, माळावरची तापलेली हवा सरळ वर चढली, डोक्यावर ढगांचा डोंगर उभा राहिला आणि तासाभरात ओढा दुथडी भरून वाहिला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि गावानं शपथेवर सांगितलं की कावळ्यानंच फांदी मोडली.

"आबा, ह्यो पाऊस दरसाल भाद्रपदात पडतो. आपल्याच माळावरचं वारं चढतंय आता," पल्लवी फोनवर सांगत होती. आप्पासोला ते ठाऊक होतं. पण बाहेर गुलाल उधळत होते, ऐकणार कोण?

संध्याकाळी नाथाजी घरी आला. म्हातारा मनानं वाईट नव्हता. पुतण्याजवळ बसून हळूच म्हणाला, "लेकरा, देवाम्होरं हळदीचा भंडारा उचल, आण घे आन म्हण, चाकंच पाऊस अडवत हुती. इतकंच. ढोल तुजा."

"तात्या, ते खोटं हाय."

"आसंल. पर मान गेला की परत यायचा न्हाई. उद्या दुसऱ्या घराची काठी पडंल, मग ती पाच पिढ्या त्येंचीच."

तो गेल्यावर बायको, हरणाबाई, चुलीपुढून म्हणाली, "म्हणा आवं. तुमी काय बोलला ते वाऱ्याला थोडंच कळतंय?"

दसऱ्याला आप्पासोनं भंडारा उचलला. सगळ्या गावासमोर, मोठ्यानं म्हणाला, "चाकं मेघ खात हुती. मी बघितलंय." मी बघितलंय, हे कुणी सांगितलं नव्हतं त्याला म्हणायला. तोंडातून गेलं. बायकांच्या घोळक्यात पल्लवी उभी होती, सुट्टीला आलेली. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. काठी उचलली आणि ढोलावर मारली, आणि शंभर ढोल एकदम उठले.

जोतीराम कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आठवड्यात त्यानं चाकं हटवायचा अर्ज लिहून आणला. चक्कीचा राखणदारच साक्ष देतो म्हटल्यावर आणखी काय पाहिजे? आप्पासोनं सही केली. देवापुढं बोललेलं कागदावर नाकारणार कसं? अर्ज गेला, मोर्चा गेला. चाकं जुनी झालीच होती, कंपनीला निमित्त हवंच होतं. फाल्गुनापर्यंत पाती उतरली आणि आप्पासोचा सदराही उतरला.

पुन्हा श्रावण आला. पठार मोकळं, आणि ढग तसेच पूर्वेकडं निघालेले. जोतीराम रस्त्यात भेटला. "आप्पासो, चाकं तर गेली. मग का न्हाई रं पडत?"

आप्पासोच्या जिभेवर सगळं होतं. घाट, घोंगडं, दहिवडी. पण भंडारा उचललेला माणूस तो, आता कुठल्या तोंडानं सांगणार? "देवाला ठावं," तो म्हणाला.

पंचमीला पल्लवी घरी आली. दसऱ्याच्या त्या गोष्टीवरून ती बापाशी एका शब्दानं भांडली नव्हती. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वर्षभर वाटत होतं. ती उंबऱ्यावर वही घेऊन बसली होती. तो जवळ जाऊन बसला, वर बघितलं आणि पूर्वी विचारायचा तसं विचारलं, "बाई, हे ढग वाटंत कुठं रिकामं झालं असतील गं?"

तिनं वहीतून मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता.

"तुमी बघितलंय की, आबा," ती म्हणाली आणि पान उलटून लिहायला लागली.