दहापैकी दहा

पूर्णत्व माणसाच्या आवाक्यातलं नाही, या तत्त्वावर सरांनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि एकाही विद्यार्थ्याला दहापैकी दहा दिले नाहीत. पोटच्या मुलीलाही नऊच दिले. उत्तर बरोबर होतं, पण समीकरणातलं बरोबरचं चिन्ह जरा तिरकं आलं होतं. निवृत्त झाल्यावर मात्र एका मोटारीच्या सर्व्हिस सेंटरला त्यांनी सहा महिन्यांत सात वेळा दहापैकी दहा दिले.

"सर, उद्या कंपनीचा फोन येईल," काउंटरवरचा टायवाला गाडीची किल्ली पुढे करत म्हणाला. "सेवा कशी वाटली, विचारतील. तेवढे दहा सांगा."

"नऊ सांगतो. माझ्याकडे नऊ म्हणजे पहिला नंबर."

"आमच्याकडे नऊ म्हणजे नापास, सर. पगार कापतात. दोन मुली आहेत हो."

"पण गाडी दुरुस्त झाली का?"

"आमच्यासमोर तर एकदाही बंद पडली नाही. लाजते बहुतेक. बाकी तो पार्ट वरून यायचाय."

"वरून म्हणजे?"

"कंपनीकडून."

बोलताना टायवाल्याने छताकडे पाहिलं. सर देवधर्म मानत नसत, पण त्यांनीही पाहिलं. बिल मात्र खालून आलं, काउंटरखालच्या प्रिंटरमधून, आणि ते यायला अजिबात वेळ लागला नाही.

गाडी काही हौसेने घेतलेली नव्हती. काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "पहिले सहा महिने. आठवड्यातून तीनदा आणा. हात जेवढा परत यायचा, तेवढा त्यातच येईल." टॅक्सीवाले लांबून व्हीलचेअर बघत, "आलोच" म्हणत आणि फोन बंद करत. म्हणून सरांनी फंड मोडून रुंद दाराची, उंच सीटची कोरी गाडी घेतली. काकूंना त्यात अलगद बसवता येई. पुढे जाता येईलच असं नसे.

दुसऱ्या दिवशी भर चौकात स्टिअरिंगमागचा पिवळा दिवा लागला आणि गाडी गप्प झाली. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला.

"ओ आजोबा, ढकला नाहीतर विका!" एक स्कूटरवाला ओरडला.

"विकायलाही ढकलतच न्यावी लागेल," सर म्हणाले. त्यांना विनोद करायचा नव्हता. काकू हसल्या. चेहऱ्याचा डावा अर्धा भाग हसला, तेवढाच हसू शकत होता.

तेवढ्यात फोन वाजला. गोड आवाजातल्या बाईंनी विचारलं, "सर, शून्य ते दहामध्ये आमच्या सेवेला किती गुण द्याल?"

सरांनी घड्याळ पाहिलं. व्यायामाची वेळ उलटून गेली होती. मग त्यांना टायवाल्याच्या मुली आठवल्या. त्यांनी त्या कधी पाहिल्या नव्हत्या, तरी आठवल्या.

"दहा," ते म्हणाले.

काकू बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. "कॉपी... करू... दिलीत."

त्यानंतर सरांना दहा द्यायची सवय लागली. गाडी दोन-दोन आठवडे वर्कशॉपमध्ये राही, बिल भरून बाहेर येई, दहा दिवसांनी पुन्हा जाई. पार्ट वरून येतच होता.

सहा महिने संपल्यावर मुलगी आली. तिने गाडी परत घ्या म्हणून खरमरीत अर्ज लिहिला आणि सरांना घेऊन मॅनेजरच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. मॅनेजरने अर्ज आदराने वाचला. मग कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"सात अभिप्राय. सातही वेळा दहापैकी दहा. इतका समाधानी ग्राहक आमच्याकडे दुसरा नाही, सर. आता तक्रार वर पाठवू तरी कशी?"

"तुमच्या त्या काउंटरवरच्या गृहस्थांनीच तर—"

"ते इथे नसतात आता. बढती मिळाली. तुमच्याच गुणांवर."

मुलगी सरांकडे वळली. "सात वेळा, बाबा? मला नऊ दिले होतेत."

"चिन्ह तिरकं होतं," सर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी डॉक्टरीणबाईंचं कार्ड काढलं. बहात्तरपैकी एकतीस हजेऱ्या. त्रेचाळीस टक्के. शाळेत पास झाल्या असत्या. डॉक्टरीणबाईंनी खाली लिहिलं होतं, 'आता फारशी अपेक्षा नको.'

दुपारी फोन आला, त्याच गोड आवाजाचा. "सर, आपली तक्रार आम्ही बंद केली आहे. तक्रार हाताळण्याच्या आमच्या पद्धतीला किती गुण द्याल?"

सरांनी फोन काकूंसमोर धरला. काकूंनी डावा हात वर करून पाची बोटं पसरली. मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. पाहत राहिल्या. फोनमधून दोनदा "हॅलो" आलं.

"पाच," सर म्हणाले.

"सहाच्या खाली असेल तर कारण लिहावं लागतं, सर."

"हात आला नाही, लिहा."

"ते यादीत नाहीये."

बाईंनी 'इतर' लिहिलं.