नानांच्या टाकीतलं भजन

"हळू म्हना, वच्छलाबाई, हळू! तुम्ही घाई करतस नि मासासना ताल चुकस."

अभिमन नानांनी टाळ थांबवून शेजारणीला दटावलं आणि पुन्हा पहिल्यापासून 'विठ्ठल विठ्ठल' धरलं. समोर स्टुलावर दीड हात लांबीची काचेची टाकी होती. टाकीत सहा गोल्डफिश होते, आणि सहाच्या सहा पाण्याच्या अगदी वर येऊन, ओठांचा चंबू करून तोंडाची उघडझाप करत होते. नानांचा 'विठ्ठल' निघाला की तोंडं उघडायची, संपला की मिटायची. वच्छलाबाईंना राहवेना.

"ओ माय!" त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मुकं जनावर, पन देखा कसं देवनं नाव ली राहिनं!"

"नाव ली राहिनं काय म्हनतस? रंगी गया बठ्ठा!" नाना म्हणाले आणि राजगिऱ्याच्या लाह्यांची चिमूट त्यांनी टाकीत सोडली. प्रसाद गाणाऱ्याला आधी द्यायचा असतो. वच्छलाबाईंनीही आपल्या वाटीतला शिरा बोटाच्या पेराएवढा सोडला. नानांची बायको ताईबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. तिने कपाळाला हात लावला, पण बोलली नाही. या घरात भजन चालू असताना बोलायची पद्धत नव्हती.

नाना अमळनेरच्या पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं वॉलमन होते. हातात लोखंडी चावी, सायकलच्या मागे पावडरचा डबा. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, टाकीत ब्लिचिंग पावडर किती घालायची, हे त्यांना तोंडपाठ. आपण सोडलेल्या पाण्याने गावात कुणाला जुलाब झाले नाहीत, हे ते नेहमी सांगत, आणि ऐकणारा उठून जाईपर्यंत सांगत. दुसरं वेड कीर्तनाचं. भडगावला सप्ताह असो की फैजपूरला काला, नाना एसटीने जाऊन पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेले. बोवांनी चाल बदलली की नानांची मान आधी डोलायची, मग मृदंग वाजायचा.

टाकी नातीची. मयुरी नर्सिंगला होती आणि महिनाभर प्रॅक्टिससाठी धुळ्याच्या दवाखान्यात गेली होती. जाताना तिने नानांना बजावलं होतं, "रोज चिमूटभर दाणे टाका, बाकी कशालाच हात लावू नका. तुम्हाला हात लावायची सवय आहे, म्हणून सांगते."

नानांनी दुसऱ्याच दिवशी हात लावला. पंपाच्या जाळीत बघतात तर आतला स्पंज काळपट, बुळबुळीत, चिखलाने भरलेला. ज्याने चौतीस वर्षं गावाला स्वच्छ पाणी पाजलं, त्याच्या घरात असा स्पंज? त्या दिवशी नळ आलेला होता. नानांनी ताज्या पाण्याखाली स्पंज चोळून चोळून असा पांढरा केला की देवाला नेसवावा. टाकीतले खडेही धुऊन घेतले. ताईबाई म्हणाली, "पोरनी नही सांगेल व्हतं ना?" नाना म्हणाले, "पोरले काय समजस पानीमधलं?"

पाचव्या संध्याकाळी मासे वर येऊन 'गायला' लागले.

मग काय विचारता! नानांनी सहाही जणांना सेवा वाटून दिल्या. कपाळ फुगलेला मोठा केशरी मासा तो बोवा. दोन टाळकरी, एक मृदंगी, एक चोपदार. आणि एक अंगाने बारीक, पांढऱ्यावर केशरी ठिपक्यांचा. हा पंपाच्या नळीजवळचा कोपरा सोडायचा नाही. दिवस असो, दिवा असो, तिथेच उभा. नाना म्हणाले, हा विणेकरी. सप्ताहात विणा खाली ठेवत नाहीत. उभा असलेला दमला की दुसरा येतो, विणा गळ्यात घेतो, मगच पहिला बसतो. त्या बारक्याला बदली द्यायला कुणी येत नव्हतं, तरी तो उभा राहायचा.

गल्लीभर बातमी गेली. संध्याकाळी पाच-सात बाया प्रसाद घेऊन यायला लागल्या. लाह्या, शिरा, मुरमुरे, सुंठवडासुद्धा. शेवटी फैजपूरकडचे प्रेमराज महाराज, ज्यांच्या कीर्तनाला नाना वीस वर्षं जात होते, त्यांचा निरोप आला. रविवारी अमळनेरवरून जातोय, तुमचे मासे बघायला येतो. नानांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गुरुवारी सविता आली.

सविता म्हणजे पितांबरची मुलगी. पितांबर आणि नाना बरोबरीचे वॉलमन. मोठा व्हॉल्व्ह एकट्याने फिरत नाही. एका बाजूला पितांबर, दुसऱ्या बाजूला नाना, असे दोघे उभे राहून फिरवायचे. पितांबर गेले, पण त्यांची सविता शिकली आणि त्याच खात्यात पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागली. नानांना ती काका म्हणायची. माशांचं ऐकून कौतुकाने बघायला आली होती.

भजन ऐन रंगात होतं. सविता दारातच थांबली. तिने टाकीकडे बघितलं, जवळ आली, वाकून बघितलं, आणि नानांच्या मनगटावर हात ठेवला.

"काका, टाळ थांबवा."

आजवर नानांचे टाळ मध्येच कुणी थांबवले नव्हते. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"काका, हे गात नाहीत. यांचा जीव गुदमरतोय."

"काय सांगी राहिनी तू?"

"कल्ले बघा कसे लाल झालेत. खाली श्वास घेता येत नाही म्हणून वर येतात. स्पंज धुतला का तुम्ही?"

नानांनी टाळ खाली ठेवले. ताईबाई दारातून म्हणाली, "धुया! नळखाले धुया! निरानाम पांढरा करा!"

सविताने पर्समधून दोन छोट्या बाटल्या आणि एक काचेची नळी काढली. घरी तिचीही टाकी होती, म्हणून येताना सहज टाकून आणल्या होत्या. नळीत टाकीतलं पाणी घेऊन थेंब टाकले, हलवलं, आणि सगळ्यांना दिसेल अशी खिडकीच्या उजेडात धरली. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हळूहळू हिरवं होत गेलं, पोपटी, आणि मग कडुलिंबाच्या पाल्यासारखं गडद.

"अमोनिया," सविता म्हणाली.

"बर्फना कारखानामा ऱ्हास तो?"

"तोच."

"तो मना घरमा कोठून उना?"

"माशांच्या घाणीतून. आणि या प्रसादातून. खाल्लेलं नाही ते तळाला कुजतं. त्या स्पंजमध्ये जिवाणू असतात काका, चांगले. हा अमोनिया तेच खातात. तुम्ही त्यांनाच धुऊन टाकलं. आपल्याच पावडरच्या पाण्याने."

आपल्याच. नाना खाली बसले. ताईबाई मात्र पदर खोचून पुढे आली. तिला एकदम उलगडलं होतं.

"म्हंजे यासनी इरजनच धुई टाकं का माय?"

सविता हसली. "अगदी तेच, काकू. विरजणाचं भांडं घासून पुसून ठेवलं, आता दही कशाचं लागणार? शेजारून आणावं लागेल. माझ्या टाकीतला जुना स्पंज आणते. तोवर निम्मं पाणी बदला, पण नळाचं ताजं नको."

"ताजं शे कोठे? ड्रममा तीन रोजनं शे."

"मग देवच पावला. तीन दिवस उघडं राहिलंय, त्यातली पावडर उडाली असेल."

नाना उठले. ड्रमवर वाकून त्यांनी आत नाक घातलं. पावडर किती पडली ते जीभ न लावता ओळखणारं नाक होतं ते. पण पावडर उडाली का, या उलट्या कामाला ते कधी लागलं नव्हतं. त्यांनी दोनदा हुंगलं. "नही. गई उडी," म्हणाले आणि पहिली बादली स्वतः उचलली. नळी लावून निम्मं जुनं पाणी काढलं, तळाला बसलेल्या लाह्या ओढून घेतल्या, ड्रमचं पाणी हळूहळू, माशांना धक्का लागू नये असं वाटीने सोडलं. वच्छलाबाई आपली शिऱ्याची वाटी पदराखाली लपवत म्हणाल्या, "मंग आते खावाले काय देवानं?"

"दोन दिवस काहीच नाही," सविता म्हणाली. "एकादशी समजा."

"निर्जळी का?"

"माशांना निर्जळी कशी जमेल हो?"

बाया खो खो हसल्या. नानांनाही हसू आलं, पण ते ओठांपाशीच थांबलं.

सविता तासाभरात स्टीलच्या डब्यात आपल्या टाकीतला स्पंज घेऊन आली. काळपट, बुळबुळीत, चिखलाने भरलेला. नानांनी तो दोन्ही हातांनी घेतला, न पिळता जाळीत बसवला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून ताईबाईने त्यात राजगिऱ्याचे लाडू भरले. माशांनी खायचे ते सविताच्या वाट्याला आले.

शुक्रवारी सकाळी विणेकरी आडवा तरंगताना दिसला. पंपाच्या नळीजवळच.

नानांनी त्याला ओंजळीत घेतलं आणि अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी पुरलं. ताईबाई मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "अश्शाच ठिपकासना दुसरा भेटी जाई बजारमा. पोरले काय समजी?"

"पोरले नही समजाव," नाना म्हणाले, "पन माले त समजी."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या धुळ्याला फोन लावला. सगळं सांगितलं. स्पंज, लाह्या, शिरा, भजन, महाराजांचं येणं, आणि शेवटी विणेकरी. मयुरी फोन घेऊन वॉर्डाच्या दाराशी आली. मागून वॉर्डातली कुणाची तरी खोकल्याची उबळ ऐकू येत होती.

"नाना, मी काय सांगून गेले होते?"

"हात लावू नका म्हने."

"मग?"

"लावा ना मी." थोडं थांबून म्हणाले, "पाच शेत अजून."

"बरं," ती म्हणाली. मग तिच्या आवाजात हसू आलं, की रडू, नानांना कळलं नाही. "पाच सांभाळा. आणि नाना, भजन बंद नका करू. प्रसाद तेवढा तुम्हीच खा."

शुक्रवार, शनिवार, रोज निम्मं पाणी. ड्रम संपला तेव्हा वच्छलाबाईंनी आपल्या ड्रमचं शिळं पाणी दिलं. सविता कामावरून जाताना येऊन नळी खिडकीत धरायची. कडुलिंबाचा पाला शनिवारी पोपटी झाला, रविवारी सकाळी पिकल्या लिंबासारखा पिवळा. नाना तो रंग असा बघायचे, जसे एकेकाळी टाकीच्या पातळीचा काटा बघायचे.

रविवारी प्रेमराज महाराज आले. गल्ली लोटली. बायांनी ताटं आणली होती. नानांनी दारातच हात जोडले.

"महाराज, माफ करा. मासे गात नव्हते. मनी चूक व्हती. त्यासना जीव जाई राहिंता आनि मी ताल धरी राहिंतू."

कुणीतरी मागून "आ?" म्हणालं. महाराज टाकीपुढच्या चटईवर बसले, उपरणं मांडीवर घेतलं आणि गालातल्या गालात हसले.

"नाना, चाळीस वर्षं कीर्तन करतोय. समोर माना डोलायला लागल्या की मी म्हणायचो, वा, श्रोते रंगले! एकदा नीट बघितलं, तर निम्म्यांना डुलकी लागलेली."

गल्ली हसली. नानाही पोटभर हसले, चार दिवसांनी पहिल्यांदा.

"आणा टाळ," महाराज म्हणाले. "मासे गात नसतील तर नसोत, ऐकायला काय हरकत आहे?"

भजन झालं. महाराजांनी चाल वर नेली, खाली आणली, ताईबाईसुद्धा दारातून टाळी धरून म्हणाली. ताटातला प्रसाद माणसांनी खाल्ला. पूर्ण वेळ एकही मासा वर आला नाही. बोवा तळाच्या खड्यांत नाक खुपसून फिरत होता, मृदंगी आणि चोपदार एकमेकांच्या मागे लागले होते. वरचं पाणी मोकळं, त्यावर ट्यूबलाइटचा एक सरळ पट्टा.

सगळे गेल्यावर नाना टाळ फडक्यात गुंडाळत होते. जरा थांबले. पंपाच्या नळीजवळचा कोपरा रिकामा होता. बुडबुडे तेवढे एकामागून एक वर जात होते. मग टाळकऱ्यांपैकी एक तळाहून सावकाश निम्म्यावर आला, शेपटी दोनदा हलवली, आणि नळीजवळ, विणेकऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला.

नानांनी गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि तोंडातल्या तोंडात, अगदी हळू, पुन्हा नाव धरलं.